स्का-पंक बँडमधला ट्रम्पेटवादक: काम, ओठ, पैसा आणि बाहेर पडणं

प्रश्न असा आहे: रील बिग फिश या कॅलिफोर्नियातल्या स्का-पंक (जमैकाचा स्का आणि पंक रॉक यांचं मिश्रण) बँडमधला ट्रम्पेटवादक आणि गायक स्कॉट क्लोप्फेनस्टाइन पंधराएक वर्षं वाजवून 2011 मध्ये बाहेर पडला. बँड चालू असताना, दौरे होत असताना माणूस का सोडतो? आणि मुख्य गायक तोच राहिला असताना एका ट्रम्पेटवाल्याच्या जाण्याने बँडला एवढा फरक का पडावा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. जानेवारी 2011 मध्ये जाहीर झालं त्यानुसार त्याला संसाराकडे वळायचं होतं. भांडण नाही, खटला नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ट्रम्पेट या वाद्याच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही. बहुतेक लोक समजतात की दोन ट्रम्पेट असलेल्या बँडमधून एक गेला तर निम्मा आवाज जातो. तसं नसतं. जाते ती विश्रांती. उरलेल्या ट्रम्पेटवाल्याच्या ओठांची विश्रांती. पुढचं बरंचसं त्यावरच आहे.

आधी त्या बँडची रचना पाहू. हंटिंग्टन बीचचा हा बँड. 1996 च्या 'टर्न द रेडिओ ऑफ' या अल्बमवर हॉर्न, म्हणजे फुंकून वाजवायची वाद्यं, वाजवणारे चौघे होते: स्कॉट आणि टॅव्हिस वर्ट्स ट्रम्पेटवर, डॅन रेगन आणि ग्रँट बॅरी ट्रॉम्बोनवर. पुढे एक ट्रॉम्बोन कमी झाला आणि दोन ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन असा साचा बराच काळ चालला. वर्ट्स गेल्यावर टायलर जोन्स आला, त्याच्यानंतर जॉनी ख्रिसमस. म्हणजे दुसऱ्या ट्रम्पेटची खुर्ची बदलत राहिली, पण ती रिकामी कधी ठेवली नाही. 2011 मध्ये स्कॉट गेल्यावर मात्र त्याच्या जागी ट्रम्पेटवाला आला नाही. मॅट ॲपलटन आला, सॅक्सोफोन आणि आवाज घेऊन. इथे बँडचा पोत खरा बदलला.

स्का मुळात हॉर्नवाल्यांचं संगीत आहे हे लक्षात ठेवावं. 1964 मध्ये जमैकात जमलेल्या स्कॅटलाइट्स या बँडच्या संस्थापकांत जॉनी 'डिझी' मूर हा ट्रम्पेटवादक होता. तो, ट्रॉम्बोनवाला डॉन ड्रमंड, सॅक्सोफोनवाले टॉमी मॅकुक आणि लेस्टर स्टर्लिंग हे चौघे किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलचे विद्यार्थी. ही शाळा कॅथलिक नन चालवत आणि गरीब मुलांना तिथे बँडची वाद्यं आणि नोटेशन शिकवलं जाई. गोव्यात चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकलेले वादक पुढे मुंबईच्या जॅझ बँडमध्ये आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले, त्याची आठवण इथे होतेच. स्का-पंकमध्ये ही परंपरा अमेरिकी शाळांच्या मार्चिंग बँडमधून आलेल्या मुलांनी उचलली. लॉस एंजेलिसच्या फिशबोन या बँडमधला वॉल्टर किबी हा या पिढीच्या आधीचा महत्त्वाचा ट्रम्पेटवाला.

आता काम. या संगीतात गिटार मात्रेच्या मधल्या ठोक्यावर, म्हणजे 'एक-आणि-दोन-आणि' मधल्या 'आणि'वर वाजते. हॉर्नवाले सुरुवातीची धून वाजवतात, दोन ओळींमधल्या फटीत उत्तर देतात आणि धृवपदाला वर उचलतात. वेग मिनिटाला 180 ते 220 मात्रा. 200 च्या लयीत अर्ध्या मात्रेचे सूर सेकंदाला साडेसहाच्या वर पडतात. साध्या 'तु-तु' जिभेने, म्हणजे प्रत्येक सूर जिभेच्या एका ठोक्याने सोडून, हे निभतं. 240 च्या पुढे बहुतेकांची जीभ अडखळते आणि 'तु-कु-तु-कु' अशी दुहेरी जीभ लागते. दुहेरी जिभेतला 'कु' नेहमी कमजोर पडतो. तो वेगळा घासावा लागतो: रोज 5 मिनिटं फक्त 'कु-कु-कु', 80 च्या लयीत, मधल्या सप्तकात. नाहीतर माइकवर प्रत्येक दुसरा सूर गिळल्यासारखा ऐकू येतो.

पट्टीचा त्रास वेगळा. ट्रम्पेट बी-फ्लॅटचं वाद्य आहे. त्याच्या कागदावर 'सी' लिहिलेला असतो तेव्हा हार्मोनियमवरची काळी पाच वाजते. गिटारवाल्यांना पांढरी तीन (ई), पांढरी सहा (ए), पांढरी दोन (डी) आवडतात, कारण तिथे मोकळ्या तारा मिळतात. गिटारची पांढरी तीन म्हणजे ट्रम्पेटच्या कागदावर एफ-शार्प, सहा शार्पची (अर्ध्या सुराने चढवलेल्या सुरांची) पट्टी. पांढरी सहा म्हणजे पाच शार्प. या पट्ट्यांत खालच्या भागात तिन्ही पिस्टन (बोटांच्या कळा) एकदम दाबायचे सूर वारंवार येतात, आणि तो मेळ वाद्याच्या घडणीमुळेच चढा लागतो. तिसऱ्या पिस्टनची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, डाव्या हाताच्या बोटाने बाहेर ढकलली नाही तर ट्रॉम्बोनशी सूर घासतो. ती स्लाइड घाणीने जाम असेल तर ढकलणार कशी? म्हणून आठवड्यातून एकदा स्लाइड पुसून ग्रीस लावणं हे सुरात वाजवण्याचंच काम आहे. एक सोपा उपाय बरेच बँड करतात: सगळ्या गिटारी अर्ध्या सुराने उतरवायच्या. मग 'ई'चा आकार काळी दोनवर बोलतो आणि ट्रम्पेटला एफची पट्टी मिळते, फक्त एक फ्लॅट (उतरवलेला सूर). गायकाच्या गळ्यालाही आराम. नवा बँड उभा करणाऱ्यांनी पहिल्या सरावालाच हे ठरवावं, कारण वीस गाणी बसल्यावर कोणी ऐकत नाही.

ओठांकडे येतो. ट्रम्पेटचा सूर ओठ थरथरवून निघतो. ओठांभोवतीचा गोल स्नायू (ऑर्बिक्युलॅरिस ऑरिस) त्यांना आवळून धरतो, हवा त्यांना हलवते. वर जायचं तर आवळ जास्त आणि हवेचा वेग जास्त. स्नायू थकला की वादक नकळत माउथपीस (ओठांना लावायचं टोक) दातांवर दाबतो. दाबल्याने तात्पुरता वरचा सूर मिळतो, पण रक्तपुरवठा तुटतो, ओठ सुजतो आणि पुढच्या गाण्यात आणखी दाबावं लागतं. या चक्रात शिरलेला वादक ओळखता येतो: आधी वरचे सूर जातात, मग मंद आवाजातली सुरुवात जाते, म्हणजे हवा निघते पण सूर उशिरा लागतो. मंद सूर वेळेवर लागत नसेल तर त्या दिवशी वरचा सूर काढून दाखवण्याचा हट्ट करू नये. फार ताणलं तर स्नायूचे तंतूच फाटतात. या दुखापतीला जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या टोपणनावावरून 'सॅच्मो सिंड्रोम' म्हणतात. त्याच्या ओठांची दुखणी सर्वश्रुत आहेत. शस्त्रक्रियेने ती सुधारू शकते, पण कित्येक महिने वाद्य बाजूला ठेवावं लागतं.

हे स्का-पंकमध्ये जास्त का होतं? वरच्या सुरांमुळे कमी, ऐकू न येण्यामुळे जास्त. ट्रम्पेटवाला सहसा ड्रमच्या झांजांशेजारी आणि गिटारच्या ॲम्प्लिफायरसमोर उभा असतो. स्वतःचा सूर ऐकू आला नाही की माणूस जोरात फुंकतो, आणि 75 मिनिटांच्या कार्यक्रमात असं फुंकणं म्हणजे दुप्पट खर्च. लग्नसराईत रस्त्यावर वाजवणाऱ्या आपल्या बँडपथकातल्या ट्रम्पेटवाल्यांनाही हाच आजार असतो, फक्त तिथे समोर ढोल असतो. उपाय: मॉनिटरमध्ये (वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) स्वतःचा ट्रम्पेट आणि बास एवढंच मागावं, बाकी काही नको. माइक (एसएम57 हा नेहमीचा माइक पुरतो) घंटेपासून, म्हणजे ट्रम्पेटच्या पसरट तोंडापासून, 10 ते 15 सेंटीमीटरवर आणि किंचित तिरका ठेवावा, म्हणजे कर्कशपणा कमी होतो. घंटेला चिमट्याने अडकवायचा माइक असेल तर उड्या मारता येतात, पण माइकपासून मागे सरकून आवाज कमी करण्याची सोय जाते. मग साउंडवाल्याला कोणत्या गाण्यात तुमचा सूर वरचा आहे हे लिहून द्यावंच लागतं.

कानात बूच घालावेतच. 100 डेसिबलला सुरक्षित वेळ दिवसाला 15 मिनिटं धरतात. पण ट्रम्पेटवाल्याला बुचांची एक अडचण असते: दोन्ही कान बंद केले की ओठांची थरथर हाडांतून कवटीत घुमते, आपण फार मोठ्याने वाजवतोय असं वाटतं आणि माणूस कच्चं फुंकू लागतो. आवाज सगळ्या पट्ट्यांत सारखा कमी करणारे, 15 डेसिबलचे संगीतकारांचे बूच घ्यावेत आणि ते आधी घरच्या रियाजात किमान दोन आठवडे वापरावेत. थेट कार्यक्रमात पहिल्यांदा घातले तर सूर हमखास सरकतो.

सूर सरकण्याचं आणखी एक कारण तापमान. नळीतल्या हवेचं तापमान 1 अंशाने वाढलं की सूर सुमारे 3 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतो. थंड खोलीत 18 अंशाला जुळवलेला ट्रम्पेट गर्दीने तापलेल्या मंचावर सहज 20 ते 30 सेंट चढा होतो, आणि गिटारचा ट्यूनर मात्र जागच्या जागी असतो. म्हणून कार्यक्रमाआधी 10 मिनिटं वाजवून, वाद्य तापवून मगच जुळवावं, आणि तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर मुख्य स्लाइड 3-4 मिलिमीटर बाहेर काढावी.

स्कॉटसारखा जो ट्रम्पेटही वाजवतो आणि दुसरा आवाजही गातो, त्याचं काम दुप्पट नव्हे, त्याहून अवघड. 200 च्या लयीत दोन मात्रा म्हणजे 0.6 सेकंद. तेवढ्यात गाण्याच्या माइकपासून तोंड बाजूला घ्यायचं, वाद्य उचलायचं, ओठ बसवायचे, श्वास घ्यायचा. गाताना ओठ सैल आणि कोरडे होतात, वाजवताना ते आवळलेले आणि ओले लागतात. अशा माणसाच्या ट्रम्पेटच्या ओळीची पहिले एक-दोन सूर दुसऱ्या ट्रम्पेटने एकट्याने घ्यावेत, तिसऱ्यापासून याने सामील व्हावं. ऐकणाऱ्याला काही कळत नाही. ही तडजोड दोन ट्रम्पेट असले तरच जमते.

आता मूळ मुद्दा. दोन ट्रम्पेटच्या बँडमध्ये शहाणे वादक वरची ओळ वाटून घेतात: या गाण्यात तू वर, पुढच्यात मी. 22 गाण्यांच्या कार्यक्रमात प्रत्येकाला 11 वेळा 'खाली' राहता येतं, आणि खालची ओळ वाजवणं म्हणजे थकलेल्या ओठाला मालिश. त्यातला एक गेला आणि त्याच्या जागी सॅक्सोफोन आला, तर उरलेल्या ट्रम्पेटवाल्याला बावीसच्या बावीस गाण्यांत वर राहावं लागतं. आवाजाच्या दृष्टीने ट्रम्पेट-सॅक्स-ट्रॉम्बोन हा साचा उत्तम आहे. तिन्हींचे रंग वेगळे, एकमेकांवर चढत नाहीत, आणि माझ्या मते स्कासाठी तो दोन ट्रम्पेटच्या साच्याहून जास्त नैसर्गिक आहे. पण त्याची किंमत एकच माणूस मोजतो. त्यामुळे असा बदल झाला की गाण्यांचा क्रम नव्याने लावला पाहिजे: वरच्या ए आणि बीपर्यंत जाणारी दोनपेक्षा जास्त गाणी सलग नकोत, मध्ये एक बिनहॉर्नचं किंवा सॅक्सच्या धुनेचं गाणं हवं, आणि सर्वांत उंच सूर शेवटच्या गाण्यात नको, शेवटून चौथ्यात हवा.

लिहिलेले भाग जसेच्या तसे सॅक्सवाल्याच्या हातात देणं ही दुसरी नेहमीची चूक. टेनर सॅक्सही बी-फ्लॅटचाच, म्हणून ट्रम्पेटचा कागद तो वाचू शकतो, पण वाजतं एक सप्तक खाली. दुसऱ्या ट्रम्पेटची ओळ तिथे गेली की ती ट्रॉम्बोनच्या अंगणात उतरते आणि तळाला चिखल होतो. मग ट्रॉम्बोनला मूळ सुरावर (स्वरमेळाच्या तळाच्या सुरावर) नेऊन ठेवावं, टेनरला ट्रम्पेटच्या खाली सहाव्या अंतरावर लिहावं, आणि जिथे जोर हवा तिथे तिघांना एकाच धुनेवर, सप्तकांच्या फरकाने आणावं. आल्टो सॅक्स असेल तर मात्र सगळं ई-फ्लॅटसाठी नव्याने लिहायचं.

पैशाचं थोडक्यात, कारण सोडण्याचा निर्णय बऱ्याचदा इथे पिकतो. सात जणांच्या बँडमध्ये मानधनाचे सात वाटे, आणि त्याआधी गाडी, डिझेल, व्यवस्थापक, हॉटेल. गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी गाणं लिहिणाऱ्याकडे जाते. रील बिग फिशमध्ये बहुतांश गाणी मुख्य गायक ॲरन बॅरेटची. लोक शिट्टीवर वाजवतात ती हॉर्नची धून तुम्ही सुचवलेली असली, तरी ती 'रचना' की 'संयोजन' हे लिहून ठरलेलं नसेल तर सहसा तुमच्या वाट्याला काही येत नाही. ज्या दिवशी धून बसते त्याच दिवशी टक्केवारी कागदावर घ्यावी. ध्वनिमुद्रणाचं वेगळं: अमेरिकेत इंटरनेट आणि उपग्रह रेडिओची रॉयल्टी साउंडएक्सचेंज ही संस्था वाटते, 50 टक्के मुद्रणाच्या मालकाला, 45 टक्के मुख्य कलाकारांना, 5 टक्के इतर साथीदार वादकांच्या निधीला. बँडचे सदस्य 45 मध्ये येतात, पण प्रत्येकाने स्वतः नाव नोंदवलेलं असेल तरच. सोडून गेलेल्या सदस्यालाही त्याने वाजवलेल्या जुन्या मुद्रणाचा हिस्सा मिळत राहतो. तो जाण्याआधी नोंदवून घ्यावा, नंतर सह्या मिळवणं कठीण जातं.

बाहेर पडताना पहिलं काम बँडचा करार वाचणं. करारच नसेल तर कॅलिफोर्नियात कायदा अशा मंडळींना भागीदार मानू शकतो, आणि वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदारांचा नफा समान. भारतातही 1932 च्या भागीदारी कायद्यात तसंच आहे. म्हणून जाणाऱ्याने एका कागदावर पाच गोष्टी मिटवाव्यात: शेवटचा हिशेब कोणत्या तारखेपर्यंत, शिल्लक टी-शर्ट आणि अल्बमचा वाटा, कोणतं सामान कोणाचं, जुन्या मुद्रणांची टक्केवारी, आणि बँडचं नाव. नावावर हक्क सांगणार नाही असं जाणाऱ्याने लिहून द्यावं, आणि बदल्यात 'माजी सदस्य' म्हणवून घ्यायची मुभा घ्यावी. पुढच्या कामासाठी ती लागते.

सूचना किती आधी द्यावी? जाहीर झालेला दौरा पूर्ण करून, आणि किमान 8 ते 12 आठवडे. आधी बँडला तोंडी, मग व्यवस्थापकाला, मग दोघांनी मिळून चाहत्यांना. तारखा विकल्या गेल्यावर मधेच गेलात तर आयोजकाचं नुकसान कोणाच्या खिशातून, हा वाद हटकून होतो.

मग हस्तांतर, ज्याची बहुतेक बँडमध्ये हेळसांड होते. या संगीतात भाग क्वचितच लिहिलेले असतात, सगळं तोंडी चालतं. नवा माणूस अल्बम ऐकून शिकतो आणि पहिल्याच सरावाला फसतो, कारण अल्बमवर एकाच वादकाने तीन थर वाजवलेले असतात, मंचावर पट्टी अर्ध्या सुराने उतरलेली असते आणि शेवट बदललेला असतो. जाणाऱ्याने प्रत्येक गाण्याचं एक पान करावं: मंचावरची पट्टी, लय, हॉर्न कुठे शिरतात, वरची ओळ कोणाची, श्वास कुठे, गायचं कुठे, आणि शेवट कोणाच्या इशाऱ्यावर. सोबत फोनवर आपला एकट्याचा भाग वाजवून मुद्रित करावा, गाण्याचा दुसरा आवाज वेगळा. 25 गाण्यांना हे काम तीन-चार संध्याकाळींत होतं. नव्या माणसाने ते शिकायला दोन-तीन आठवडे धरावेत, दिवसाला दोन गाणी, त्याहून जास्त नाही. शेवटच्या दोन-तीन कार्यक्रमांत नव्याला मंचाच्या कडेला उभं करावं. कोण कुठे उडी मारतं हे त्याने पाहायलाच हवं, कारण गर्दीचा किंवा गिटारच्या मानेचा धक्का घंटेला बसला तर माउथपीस थेट समोरच्या दातांवर येतो.

सोडल्यानंतर वाद्य पेटीत टाकून द्यायचं असेल तर आधी पिस्टन काढून, धुऊन, तेल लावून ठेवावेत आणि माउथपीस वेगळा काढावा. तो नळीत वर्षभर राहिला की रुततो, आणि पकडीने ओढला तर नळीच पिळवटते. त्यासाठी पुलर नावाचं साधं अवजार मिळतं. परतायची शक्यता असेल तर दिवसाला 20 मिनिटं पुरतात: 5 मिनिटं मंद आवाजात लांब सूर, 5 मिनिटं पिस्टन न बदलता केवळ ओठांनी सूर पालटणं, 5 मिनिटं जीभ, बाकी मधूनमधून विश्रांती. फिशबोनचा किबी 2003 मध्ये बाहेर पडला आणि काही वर्षांनी त्याच बँडमध्ये परतला, तेव्हा दार बंद होतंच असं नाही. पूर्ण सोडलेल्याला मात्र पुन्हा 75 मिनिटं उभं राहून वाजवायला साधारण तीन महिने लागतात. पहिल्या महिन्यात त्याने मधल्या जीच्या वर जाऊच नये.